तोच कोड त्याच्याकडे बिल्ड होतो, माझ्याकडे का नाही?

वाचकाचं पत्र:

मी एका लहान टीममध्ये काम करते. आमचा प्रकल्प जुना आहे. निम्मा सी, निम्मा सी++ आणि बिल्डसाठी, म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्रॅम बनवण्यासाठी, कधीकाळी कुणीतरी हाताने लिहिलेली मेकफाइल (काय कशापासून बनवायचं ते सांगणारी फाइल). नवा लॅपटॉप मिळाल्यापासून (त्यावर उबंटू 24.04 ही ऑपरेटिंग सिस्टीम, सहकाऱ्याकडे अजून 20.04 आहे) माझ्याकडे तो बिल्ड होत नाही. सहकाऱ्याकडे तीच ब्रांच, तोच कमिट (म्हणजे कोडची नेमकी तीच नोंदवलेली अवस्था), काही कुरकुर न करता होतो. आधी ‘मल्टिपल डेफिनिशन ऑफ’ अशा शेकडो ओळी आल्या. शोधाशोध करून ‘-एफकॉमन’ हा पर्याय मेकफाइलमध्ये घातला, काही फरक पडला नाही. रात्री वैतागून सगळं पुसून परत बिल्ड केलं, तर त्या ओळी गेल्या! पण आता ‘अनडिफाइन्ड रेफरन्स टू रीड_सेटिंग्ज(चार कॉन्स्ट*)’ येतं. ते फंक्शन सेटिंग्ज.सी या फाइलमध्ये आहे, मला डोळ्यांना दिसतंय. आणि सीआय सर्व्हरवर (टीमचा कोड आपोआप बिल्ड करून तपासणाऱ्या यंत्रणेवर) तिसरंच: ‘व्हर्जन.एच सापडत नाही’. तेही कधी येतं, कधी नाही. पुन्हा चालवलं की बहुतेक वेळा बिल्ड पास होतो. सीनियरना विचारलं की ‘क्लीन बिल्ड कर’ एवढंच उत्तर मिळतं. मी कंपायलर काढून परत घातला, शेवटी ऑपरेटिंग सिस्टीमही नव्याने टाकली. आता विचारायचीही लाज वाटते. कोड लिहिता येतो पण तो बिल्ड करता येत नाही, म्हणजे मला यातलं मुळातच काही कळत नाही का?

– त्रासलेली डेव्हलपर

प्रिय मैत्रीण,

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण तोच तुम्हाला सगळ्यात जास्त छळतोय असं पत्र वाचताना जाणवलं. कोड लिहिणं आणि तो बिल्ड करणं ही दोन वेगळी कौशल्यं आहेत. पहिलं शिकवलं जातं, त्याचे अभ्यासक्रम असतात, त्यावर मुलाखती होतात. दुसरं बहुतेकांना कुणी समोर बसवून शिकवलेलं नसतं. ते अशाच जुन्या प्रकल्पात अडकल्यावर, सुटण्याच्या धडपडीत शिकलं जातं. तुम्ही आत्ता नेमक्या त्या जागी आहात, एवढंच. आणि तुम्ही एररची ओळ कंसासकट जशीच्या तशी उतरवून पाठवलीत. बहुतेक पत्रांत ‘काहीतरी लिंकरचा एरर येतो’ यापलीकडे काही नसतं. तुमच्या त्या कंसामुळेच मला पुढचं बरंच काही सांगता येतंय.

तुमच्यापुढे एक अडचण नाही, तीन आहेत. तिन्हींची कारणं वेगळी आहेत. त्या एकाच आठवड्यात एकाच मशीनभोवती दिसल्या म्हणून तुम्ही त्यांना एकच समजून एकच उपाय शोधत राहिलात, आणि एकीवरचा उपाय दुसरीला लागू पडेना. तेव्हा आधी त्यांना वेगळं करू.

वेगळं करायचा सगळ्यात साधा मार्ग म्हणजे ‘हे कोण बोलतंय?’ असं प्रत्येक ओळीला विचारणं. आपण ‘बिल्ड फेल झाला’ म्हणतो, पण बिल्ड हा एक प्रोग्रॅम नाही. प्रीप्रोसेसर हेडर फाइली (अनेक फाइलींना लागणाऱ्या घोषणांच्या सामायिक फाइली) आणून चिकटवतो. कंपायलर एकेक फाइल स्वतंत्रपणे वाचून तिची ऑब्जेक्ट फाइल बनवतो आणि त्या वेळी त्याला शेजारच्या फाइलीत काय आहे ते ठाऊकच नसतं. लिंकर सगळ्या ऑब्जेक्ट फाइली आणि लायब्रऱ्या जोडतो. त्याला तुमचा सोर्स कोड दिसत नाही, फक्त नावं दिसतात. आणि या सगळ्यांना कोणत्या क्रमाने हाका मारायच्या ते मेक, म्हणजे मेकफाइल वाचणारा प्रोग्रॅम, ठरवतो. ‘हेडर सापडत नाही’ हे प्रीप्रोसेसरचं बोलणं. ‘मल्टिपल डेफिनिशन’ आणि ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’ हे लिंकरचं. शेवटी तीन तारे घालून येणारी मेकची ‘एरर 1’ ही ओळ फक्त ‘खालचं कुणीतरी पडलं’ एवढं सांगते. नेटवर शोधताना लोक नेमकी तीच ओळ टाकतात, म्हणून हाती काही लागत नाही. मेक -जे देऊन समांतर बिल्ड करत असाल तर चार फाइलींचं बोलणं एकमेकांत मिसळतं, मग पहिला एरर कोणता तेच कळत नाही. निदान करताना तरी -जे1 (एका वेळी एकच काम) द्या आणि वरून पहिला एरर वाचा. त्याच्याखालचे पुष्कळसे त्याचेच परिणाम असतात. एका हेडरमध्ये क्लासच्या शेवटी अर्धविराम द्यायचा राहिला, तर कंपायलर कधीकधी ओरडतो ते तो हेडर आणणाऱ्या फाइलीतल्या पुढच्या ओळीवर. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी हे इथे रोजचंच आहे.

आता पहिली अडचण. तुमच्या पत्रातली सगळ्यात मोलाची माहिती तुम्ही कंसात, जाता जाता दिली आहे: तुमच्याकडे उबंटू 24.04, सहकाऱ्याकडे 20.04. उबंटू 20.04 सोबत येणारा कंपायलर जीसीसी 9 आहे, 24.04 सोबतचा जीसीसी 13. मधल्या काळात, 2020 मध्ये, जीसीसी 10 आला आणि त्याने सी भाषेसाठीचं एक जुनं, सैल वागणं बंद केलं. तुमच्या एखाद्या हेडरमध्ये नुसतं ‘इंट डीबग_लेव्हल;’ असं ग्लोबल व्हेरिएबल लिहिलेलं असणार. तो हेडर वीस .सी फाइलींनी आणला, की त्या व्हेरिएबलच्या वीस व्याख्या तयार होतात. जुना जीसीसी त्या सगळ्या ‘कॉमन’ म्हणून नोंदवायचा आणि लिंकर त्यांची गुपचूप एकच करायचा. जीसीसी 10 पासून तसं होत नाही आणि लिंकर प्रत्येक जास्तीच्या व्याख्येबद्दल तक्रार करतो. म्हणजे तुमचा कोड आज बिघडलेला नाही. तो पहिल्यापासून सैल होता, तुमच्या नव्या कंपायलरने ते दाखवून दिलं. ऑपरेटिंग सिस्टीम परत टाकूनही काही का बदललं नाही ते यावरून लक्षात येईल. तोच जीसीसी 13 परत आला.

तुम्ही घातलेला -एफकॉमन हा पर्याय जुनं वागणं परत आणतो. आजची अडचण भागवायला तो चालेल, पण त्यावर राहू नका. समजा, दोन वेगवेगळ्या हेडरमध्ये दोघांनी ‘काउंट’ नावाचं ग्लोबल ठेवलंय, एकाने इंट, दुसऱ्याने डबल. कॉमनच्या कृपेने लिंकर दोघांना एकाच जागेवर बसवेल आणि बिल्ड खुशाल पास होईल. मग एका भागाने लिहिलेलं दुसरा भाग पुसत राहील, आणि तो बग शोधताना महिने जातील. खरा उपाय छोटा आहे: हेडरमध्ये त्या व्हेरिएबलच्या आधी ‘एक्स्टर्न’ (म्हणजे ‘व्याख्या दुसरीकडे आहे’) लिहा आणि खरी व्याख्या फक्त एका .सी फाइलीत ठेवा. कंटाळवाणं काम आहे, पण एका बैठकीत होतं.

पण पर्याय घातल्यावर लगेच फरक का पडला नाही आणि सगळं पुसल्यावर का पडला? मला वाटतं तुमच्या सगळ्या गोंधळाचं मूळ इथेच आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. मेक 1976 मध्ये बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी लिहिला आणि त्याचा मूळ विचार आजही तोच आहे: फाइलींच्या वेळा बघायच्या. सेटिंग्ज.सी ही तिच्या ऑब्जेक्ट फाइलीपेक्षा, सेटिंग्ज.ओ पेक्षा, नवी असेल तर परत कंपाइल करायची, नाहीतर सोडून द्यायची. बस. तुम्ही मेकफाइलमध्ये कंपायलरचा पर्याय बदललात तेव्हा एकाही .सी फाइलीची वेळ बदलली नाही. म्हणून मेकने आधीच्याच, जुन्या पर्यायांनी बनलेल्या ऑब्जेक्ट फाइली पुन्हा लिंकरच्या हाती दिल्या. तुमचा उपाय बरोबर होता, तो वापरलाच गेला नाही. तुम्हाला मात्र वाटलं की उपाय चुकला.

हीच गत हेडरची. हाताने लिहिलेल्या मेकफाइलीत बहुधा कोणती फाइल कोणत्या हेडरवर अवलंबून आहे ते लिहिलेलं नसतं, किंवा कधीतरी लिहिलेलं असतं आणि नंतर कुणी पाळलेलं नसतं. मग हेडरमधलं स्ट्रक्ट (माहितीची रचना) बदललं तरी अर्ध्या ऑब्जेक्ट फाइली जुन्या मापाने आणि अर्ध्या नव्या मापाने बनलेल्या राहतात. असा बिल्ड पासही होतो आणि प्रोग्रॅम चालताना कोसळतो. यावर जीसीसीनेच सोय दिली आहे: -एमएमडी आणि -एमपी हे दोन पर्याय दिले की प्रत्येक फाइलीसोबत ती कोणकोणते हेडर वापरते त्याची .डी नावाची यादी तयार होते. ती मेकफाइलीत इन्क्लूड करायची. आणि ऑब्जेक्ट फाइलींच्या नियमात खुद्द मेकफाइललाही अवलंबित्व म्हणून लिहायचं, म्हणजे पर्याय बदलला की सगळं परत बनेल.

तुमच्या सीनियरचं ‘क्लीन बिल्ड कर’ हे उत्तर चुकीचं नाही. ते अर्धवट आहे. क्लीन बिल्डने जेव्हा जेव्हा काम होतं, तेव्हा त्याचा अर्थ इतकाच की काय परत बनवायचं हे तुमच्या मेकफाइलीला नीट ठाऊक नाही. ही महत्त्वाची माहिती आहे आणि ‘चला, झालं’ म्हणून ती सोडून देणं मला पटत नाही. कारण ज्या मेकफाइलीमुळे तुमच्याकडे एक खरा उपाय निष्फळ दिसला, तिच्यामुळेच दुसऱ्या कुणाकडे चुकीचा कोड बरोबर दिसत असू शकतो.

तिथेच दुसरी अडचण येते. ‘रीड_सेटिंग्ज(चार कॉन्स्ट*)’ यातला कंस बघा. सी++ मध्ये एकाच नावाची अनेक फंक्शनं चालतात, म्हणून कंपायलर नावात पॅरामीटरचे प्रकारही गुंफतो. तुमच्या मेन.सीपीपी की काय त्या फाइलीने लिंकरकडे खरं तर ‘_झेड13रीड_सेटिंग्जपीकेसी’ असलं नाव मागितलंय. 13 म्हणजे मूळ इंग्रजी नावातली तेरा अक्षरं, पुढचं पीकेसी म्हणजे कॉन्स्ट चारचा पॉइंटर. लिंकर ते आपल्यासाठी उलगडून कंसासकट दाखवतो. सी मध्ये असलं काही नसतं. सेटिंग्ज.सी मधून बनलेल्या ऑब्जेक्ट फाइलीत नुसतं ‘रीड_सेटिंग्ज’ आहे. तुम्हाला डोळ्यांना दिसतंय ते फंक्शन खरंच आहे, पण लिंकर शोधतोय ते नाव वेगळं आहे. सी चं फंक्शन सापडत नसतं तर संदेशात कंस आला नसता. माझ्यावर विश्वास ठेवू नका, स्वतः बघा: दोन्ही ऑब्जेक्ट फाइलींवर ‘एनएम’ ही कमांड चालवा. एकीत नावापुढे टी दिसेल, म्हणजे इथे व्याख्या आहे. दुसरीत यू, म्हणजे इथे ते बाहेरून हवं आहे. टी पुढचं नाव आणि यू पुढचं नाव अक्षरशः जुळतं का ते पाहा. ‘अनडिफाइन्ड रेफरन्स’च्या बहुतेक कोड्यांत इतर काही करण्याआधी मी हेच करते.

उपाय: सेटिंग्ज.एच मधल्या घोषणा ‘एक्स्टर्न "सी"’च्या महिरपी कंसात घाला, आणि ते फक्त सी++ साठी लागू व्हावं म्हणून ‘इफडेफ __सीप्लसप्लस’मध्ये गुंडाळा. सी++ कंपायलर मग साधं नाव मागेल आणि लिंकरला ते मिळेल.

मग हे सहकाऱ्याकडे कसं चालतं? तोच कमिट, तोच हेडर, तरी तिथे लिंकर गप्प. कंपायलरच्या आवृत्तीने याचं स्पष्टीकरण होत नाही, कारण नावं गुंफण्याची ही पद्धत जीसीसी 9 आणि 13 मध्ये सारखीच आहे. माझा कयास असा. हे फंक्शन पूर्वी दुसऱ्या एखाद्या .सीपीपी फाइलीत असावं आणि नंतर कुणीतरी ते सेटिंग्ज.सी मध्ये हलवलं असावं. तुमच्या ऑब्जेक्ट फाइली आधी एका .ए लायब्ररीत (ऑब्जेक्ट फाइलींच्या एका गठ्ठ्यात) भरल्या जात असतील, तर ते काम ‘एआर’ हा प्रोग्रॅम करतो. एआर आहे त्या लायब्ररीत नव्या फाइली घालतो, त्याच नावाच्या असतील तर बदलतो, पण सोर्समधून गेलेल्या फाइलीची जुनी ऑब्जेक्ट काढून टाकत नाही. सहकाऱ्याच्या मशीनवरच्या लायब्ररीत ती जुनी सी++ ऑब्जेक्ट अजून बसलेली असणार. लिंकर कंसवालं नाव शोधतो, त्याला ते तिथे मिळतं, तो खूश. तुमचा लॅपटॉप नवा, लायब्ररी कोरी, म्हणून तुम्हाला खरी परिस्थिती दिसली.

हा कयास तपासायला अगदी सोपा आहे. सहकाऱ्याच्या मशीनवर ‘एआर टी’ आणि लायब्ररीचं नाव द्या. आत कोणकोणत्या ऑब्जेक्ट आहेत त्याची यादी येईल. तीत आज सोर्समध्ये नसलेलं नाव आहे का बघा. गिट म्हणजे कोडमधले बदल नोंदवणारं साधन; त्याच्या ‘गिट लॉग’ला कॅपिटल एस चा पर्याय देऊन फंक्शनचं नाव दिलंत तर ते कुठल्या कमिटमध्ये कुठून कुठे गेलं तेही दिसेल. आणि सगळ्यात पक्की कसोटी: त्याला म्हणा, त्याच मशीनवर वेगळ्या, रिकाम्या फोल्डरमध्ये नव्याने क्लोन करून (गिटमधून कोडची कोरी प्रत घेऊन) बिल्ड कर. तिथे तुमचाच एरर आला तर प्रश्न मिटला. न आला तर माझा कयास चुकला, आणि तुम्हाला दोन मशीनमधला पुढचा फरक शोधायचा आहे. दोन्हीकडे कोऱ्या क्लोनमध्ये ‘मेक -एन’ चालवून नेमक्या कोणत्या कमांड दिल्या जातात ते फाइलीत घ्या आणि दोन फाइलींमधला फरक (डिफ) काढा. एखादा हेडर किंवा लायब्ररी भलत्याच फोल्डरमधून उचलली जात असेल तर जीसीसीचा कॅपिटल एच पर्याय प्रत्येक हेडर कुठून आला ते पूर्ण वाटेसकट छापतो.

‘त्याच्याकडे चालतं’ याने कोड बरोबर असल्याचं सिद्ध होत नाही. त्याच्याकडे काहीतरी आहे जे तुमच्याकडे नाही, एवढंच त्यातून कळतं. ते ‘काहीतरी’ चांगलं आहे की वाईट, हे शोधल्याशिवाय समजत नाही. तुमच्या बाबतीत ते वाईट असण्याचीच शक्यता मला जास्त दिसते.

तिसरी अडचण वेगळ्याच जातीची आहे. जो एरर कधी येतो आणि कधी येत नाही, तिथे मजकुरापेक्षा ‘कधी’ जास्त बोलकं असतं. व्हर्जन.एच हे नाव बघता, तो हेडर कुणी हाताने लिहिलेला नसून बिल्डच्या वेळी एखादी स्क्रिप्ट बनवत असेल, कमिट क्रमांक, तारीख वगैरे घालून. मेकला जर सांगितलेलंच नसेल की अमुक फाइल कंपाइल करण्याआधी व्हर्जन.एच तयार हवा, तर एकेक काम करताना तो योगायोगाने आधी तयार होतो. समांतर बिल्डमध्ये मात्र दोन कामांची शर्यत लागते. कधी स्क्रिप्ट जिंकते, कधी कंपायलर. तुमच्या लॅपटॉपवर हेडर एकदा तयार झाला की तसाच पडून राहतो, म्हणून तिथे तक्रार नाही. सीआयवर सोर्स दर वेळी कोरा असतो, म्हणून तिथे आहे. तपासणी: सीआयवर काही काळ -जे1 ने बिल्ड करा. एरर पूर्ण गेला तर शर्यतच होती. पण -जे1 वर कायम राहू नका, तो उपाय नाही. व्हर्जन.एच वापरणाऱ्या ऑब्जेक्ट फाइलींच्या नियमात तो अवलंबित्व म्हणून लिहा. तो हेडर बनलेला नसताना -एमएमडी इथे पुरत नाही, कारण यादी कंपाइल झाल्यानंतर तयार होते आणि इथे पहिलं कंपाइलच अडतंय.

आता तुमच्या पत्रातला एक दुवा, ज्याने मी बराच वेळ थबकले. सीआय कोऱ्या सोर्सवरून बिल्ड करतो आणि व्हर्जन.एच चा घोळ नसेल तेव्हा पास होतो, असं तुम्ही म्हणता. पण कोऱ्या बिल्डमध्ये तर रीड_सेटिंग्जचा एरर यायला हवा, जसा तुमच्याकडे येतो. तो येत नाही, म्हणजे सीआय पूर्ण कोरा नाही. वेळ वाचवायला बनलेल्या लायब्रऱ्या मागच्या खेपेच्या कॅशमधून (राखून ठेवलेल्या साठ्यातून) आणल्या जात असाव्यात, आणि त्या कॅशमध्ये सहकाऱ्याच्या मशीनसारखीच जुनी ऑब्जेक्ट बसलेली असावी. कॅश एकदा बंद करून सीआय चालवा. हे मला तिन्ही अडचणींपेक्षा गंभीर वाटतं, कारण ज्या यंत्रणेवर सगळ्यांनी डोळे मिटून विसंबायचं तीच जुनं पोटात घेऊन बसली आहे. कॅश ठेवायला माझी हरकत नाही, मात्र दिवसातून एकदा तरी काहीही न उचलता, अगदी शून्यातून एक बिल्ड झालाच पाहिजे. आणि मेकफाइलीत एआर चालवण्याआधी जुनी .ए फाइल पुसायची एक ओळ घाला.

हे सगळं करताना एका वेळी एकच गोष्ट बदला, आणि बदलल्यावर काय झालं ते लिहून ठेवा. कंपायलर बदलला, पर्याय घातला, फोल्डर पुसलं, सिस्टीम परत टाकली: एक ना धड, भाराभर चिंध्या. अशात बिल्ड पास झाला तरी कशाने झाला ते कळत नाही, आणि न कळलेला उपाय दुसऱ्या दिवशी टिकत नाही. पुसापुशीबद्दल एक सावधगिरी: ‘गिट क्लीन’ला एफ, डी आणि एक्स हे पर्याय देऊन सगळं साफ करा असं तुम्हाला कुणीतरी सांगेल. ती कमांड गिटमध्ये नसलेली प्रत्येक फाइल उडवते, त्यात तुमच्या स्थानिक सेटिंगच्या आणि गुप्त की (पासवर्डसारख्या किल्ल्या) ठेवलेल्या फाइलीही जातात, आणि त्या गिटमधून परत मिळत नाहीत. आधी एफच्या जागी एन द्या, म्हणजे काय जाणार आहे ते फक्त दाखवलं जाईल. त्यापेक्षा नवीन फोल्डरमध्ये क्लोन करणं सुरक्षित. ‘गिट बायसेक्ट’ हे कमिट निम्मे-निम्मे करत शोधणारं छान हत्यार आहे, हजार कमिटमधून दोषी कमिट सुमारे दहा चाचण्यांत सापडतो, पण ते ‘काल चालत होतं, आज नाही’ यासाठी आहे. तुमच्याकडे कमिट तोच आहे, मशीन वेगळी आहे. तुलना मशीनची करायची.

सी आणि सी++ मध्ये काम न करणारे वाचकही हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थोडक्यात. जावामध्ये ‘क्लास फाइलची आवृत्ती 61, हवी होती 52’ असलं काही आलं तर ते आकडे जावाच्या आवृत्त्यांचे आहेत: 52 म्हणजे जावा 8, 55 म्हणजे 11, 61 म्हणजे 17. टर्मिनलमधला जावा आणि मेव्हनने (जावाच्या बिल्ड साधनाने) उचललेला जावा वेगळे असू शकतात. ‘एमव्हीएन -व्ही’ खरं काय ते सांगतो. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्रॅम) 17 किंवा पुढच्या आवृत्तीवर वेबपॅक हे बिल्ड साधन वापरणारा जुना फ्रंटएंड प्रकल्प ‘डिजिटल एन्व्हलप रूटीन्स अनसपोर्टेड’ म्हणून अडतो, तेव्हा त्या ओळीत ना तुमच्या कोडचं नाव असतं ना वेबपॅकचं. नोड 17 मध्ये ओपनएसएसएल 3 ही एन्क्रिप्शनची लायब्ररी आली आणि वेबपॅक 4 हॅशसाठी जे जुनं एमडी4 वापरतो ते त्यात सहज मिळत नाही. वेबपॅक वर नेणं हा उपाय, जुनं चालू करणारा फ्लॅग ही तात्पुरती मलमपट्टी. कॉपी केलेल्या कोडवर जीसीसी ‘स्ट्रे \302’ किंवा ‘\342’ म्हणाला, तर डोळ्यांना न दिसणारी न तुटणारी जागा किंवा गोल अवतरणचिन्हं त्यात आली आहेत. ती ओळ हाताने परत टाइप करा. आणि कंपायलर मधेच ‘किल्ड’ म्हणून मेला, तर बहुधा मेमरी संपलेली असते. -जे चा आकडा कमी करून बघा, कोडमध्ये शोधत बसू नका.

राहिली लाज. सीनियर दर वेळी ‘क्लीन बिल्ड कर’ म्हणतात, याचं एक कारण असं की ‘बिल्ड होत नाही’ या वाक्याला दुसरं काही उत्तर देताच येत नाही. प्रश्न बदला. पहिला एरर जसाच्या तसा, नेमकी दिलेली कमांड, दोन्ही मशीनवरच्या जीसीसीची आवृत्ती, काय करून पाहिलं आणि त्याने काय बदललं, एवढं एका संदेशात द्या. असा संदेश लिहिताना कित्येकदा उत्तर आपलं आपल्याला सापडतं, आणि न सापडलं तर समोरच्याला हात घालायला जागा मिळते. असा प्रश्न विचारणाऱ्याला कुणी कच्चं समजत नाही. ज्यांना मी या कामात पक्कं मानते ती माणसं दिवसातून कितीदा तरी विचारतात.

तुमच्या बाबतीत तर आता तुम्ही मदत मागायला नाही, टीमला काही सांगायला जाणार आहात. नव्या क्लोनचा आणि एआर टी चा निकाल हातात आला की लगेच सांगा, एक्स्टर्नची दुरुस्ती पुरी होण्याची वाट बघू नका. तुमचं रिलीज सहकाऱ्याच्या मशीनवरून किंवा त्या सीआयवरून जात असेल आणि लायब्ररीत खरंच ती जुनी ऑब्जेक्ट निघाली, तर ग्राहकांपर्यंत गेलेल्या प्रोग्रॅममध्ये रीड_सेटिंग्जची जुनी प्रत चालू आहे. सेटिंग्ज.सी मध्ये ते हलवल्यानंतर त्या फंक्शनमध्ये ज्या ज्या दुरुस्त्या केल्या, त्यातली एकही त्या प्रोग्रॅमच्या सी++ भागापर्यंत पोचलेली नाही. त्या दुरुस्त्यांची यादी गिटमधून काढा, त्यातली कोणती ग्राहकांच्या दृष्टीने महत्त्वाची होती ते सीनियरसोबत बसून बघा, आणि पुढचं रिलीज कोऱ्या बिल्डवरूनच काढा.